कामावरील अवधान : आळस, अपुरी झोप की विकार?

(आरे वसाहतीतील कर्मचारी, शिक्षक व सामाजिक कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



ज्या भूमीवर आज ही सभा भरली आहे, ती भूमी घड्याळाच्या काट्यावर चालणाऱ्या कामासाठी प्रसिद्ध आहे. मुंबई शहरातील दाटीवाटीच्या तबेल्यांतून म्हशी बाहेर काढाव्यात, त्यांना मोकळ्या जागेत ठेवावे आणि शहराला स्वच्छ दूध मिळावे, या हेतूने १९४९ साली गोरेगावच्या पूर्वेस आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली. १९५१ साली पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. या योजनेचे शिल्पकार दारा खुरोडी यांना १९६३ साली त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन यांच्यासमवेत मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला. सुमारे १,२८७ हेक्टर क्षेत्र, ३२ गोठे आणि सुमारे १६ हजार जनावरे अशा विस्ताराची ही वसाहत एका साध्या नियमावर उभी राहिली. दूध कोणासाठी थांबत नाही. दोहनाची वेळ चुकली, भांडे धुवायचे राहिले किंवा नोंद करावयाची विसरली, तर त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी नव्हे, त्याच दिवशी दिसतो.

आज या परिसरात गोठ्यांखेरीज इतरही अनेक कामे चालतात. लगत राज्य राखीव पोलीस बलाचा गट आहे. १९७७ साली उभी राहिलेली चित्रनगरी आहे. मेट्रो मार्ग ३ चे आगार आहे. वसाहतीतील आदिवासी पाड्यांतून भाजीपाला पिकविणारे आणि शहरात नोकरीस जाणारे लोक आहेत. या साऱ्या कामांना एक गोष्ट समान लागते, ती म्हणजे अवधान. ते ज्याचे वारंवार ढळते, त्याच्याविषयी वरिष्ठांनी, सहकाऱ्यांनी आणि कुटुंबीयांनी काय समजावे, आणि त्या व्यक्तीने स्वतःविषयी काय समजावे, हा आजचा विषय आहे.

अवधान आणि त्याचा विकार

‘अवधान’ हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वरांनी श्रोत्यांकडे हेच एक मागणे मागितले आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात मनाच्या चंचलतेची तक्रार प्रत्यक्ष अर्जुन करतो. तेव्हा मन भटकणे हा मनुष्यस्वभावच होय, आणि प्रत्येक भटकणाऱ्या मनाला रोगाचे नाव देणे योग्य नव्हे. परंतु काही व्यक्तींमध्ये ही चंचलता बालपणापासून इतकी तीव्र व सततची असते की शिक्षण, नोकरी, संसार आणि पैशाचा व्यवहार या सर्वांनाच तिची झळ पोहोचते. या अवस्थेस अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार असे म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात तो ‘एडीएचडी’ या नावाने ओळखला जातो.

हा विकार अलीकडच्या धावपळीतून किंवा भ्रमणध्वनीमुळे निर्माण झाला, अशी समजूत आढळते. ती बरोबर नाही. स्कॉटलंडमधील वैद्य अलेक्झांडर क्राइटन यांनी १७९८ साली लिहिलेल्या ग्रंथात अवधान टिकवू न शकणाऱ्या व्यक्तींचे वर्णन केले होते. १९०२ साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांविषयी व्याख्याने दिली. १९३७ साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांना उत्तेजक गटातील औषधाने अशी मुले शांतपणे अभ्यास करू लागल्याचे आढळले. तथापि मूल मोठे झाले की हा विकार आपोआप जातो, असे पुढे अनेक वर्षे मानले गेले. १९७६ साली अमेरिकेतील यूटा येथे डॉ. पॉल वेंडर व त्यांचे सहकारी यांनी प्रौढांमधील निदान व उपचार यांवर अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही समजूत ढळू लागली. २०१३ सालच्या अमेरिकन मानसरोग वर्गीकरणात प्रौढांसाठी लक्षणांची संख्या वेगळी ठरविण्यात आली. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणातही या विकारास याच नावाने स्थान मिळाले.

विकाराच्या मुळाशी मेंदूच्या विकासातील भेद असतो. डोपामीन व नॉरॲड्रेनॅलीन ही मेंदूतील संदेशवाहक द्रव्ये, आणि कामाची आखणी करणे, आवेग आवरणे, आरंभ व शेवट सांभाळणे ही कामे करणारा मेंदूचा पुढील भाग, यांच्या कार्याशी त्याचा संबंध आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७४ टक्के असल्याचे दिसून आले आहे. आईवडिलांच्या लाडामुळे किंवा शिक्षकांच्या ढिलाईमुळे हा विकार होत नाही. त्यामुळे कोणास दोष देण्याचे कारण उरत नाही.

नोकरीतील त्याचे रूप

लहान मूल वर्गात धावते, बाकावर चढते. पस्तिशीतला लिपिक असे काही करीत नाही. त्याची धाव बाहेर दिसेनाशी होऊन आत शिरलेली असते. बैठकीत पाय हलत राहतो, दुसऱ्याचे वाक्य पुरे होण्याआधी उत्तर तोंडातून निघते, रांगेत उभे राहणे असह्य होते. कंटाळवाण्या कामास प्रारंभ करणे त्याला डोंगरासारखे वाटते. चार कामे हाती घेतली जातात आणि चारही अर्धवट राहतात. किल्ल्या, पावत्या, ओळखपत्र यांचा शोध रोजचाच असतो. ‘पाच मिनिटांत येतो’ असे तो प्रामाणिकपणे म्हणतो, परंतु पाच मिनिटे आणि पाऊण तास यांतील अंतर त्याच्या मनाला जाणवत नाही.

या विकाराचे एक लक्षण वरिष्ठांची विशेष फसगत करते. असा कर्मचारी सर्वच कामांत कमी पडतो असे नाही. आणीबाणीच्या प्रसंगी, नव्या कामात किंवा मनापासून आवडणाऱ्या विषयात तो इतरांहून पुढे असतो. पूर आला, आग लागली, अचानक तपासणी निघाली की तो रात्रभर उभा राहून काम करतो. आणि दुसऱ्याच आठवड्यात साधी आवक-जावक नोंदवही त्याच्याकडून भरली जात नाही. वरिष्ठ स्वाभाविकपणे म्हणतात, ‘याला जमत नाही असे नाही, हा मुद्दाम करीत नाही.’ येथेच गफलत होते. या विकारात अवधानाचा साठा कमी नसतो, त्याचा पुरवठा इच्छेनुसार वळविता येत नाही. कामातील ही चढउतार विकाराचीच खूण असू शकते, आणि नेमकी तीच हेतुपुरस्सर कामचुकारपणाचा पुरावा म्हणून वाचली जाते.

स्त्रियांच्या बाबतीत फसगत वेगळ्या प्रकारची असते. मुलींमध्ये धांदलीपेक्षा शांत अनवधान अधिक आढळते. खिडकीबाहेर पाहणारी मुलगी वर्गात कोणासही त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. पुढे नोकरी, स्वयंपाकघर, मुलांचा अभ्यास आणि वृद्धांची शुश्रूषा यांचा मेळ घालताना तिची दमछाक होते, आणि ‘धांदरट’ हा शब्द तिच्या वाट्यास येतो. पुष्कळदा स्वतःच्या मुलाचे निदान होत असताना आईला किंवा वडिलांना आपल्या आयुष्याचा उलगडा होतो.

प्रश्नाचा आवाका किती? विविध देशांतील पाहण्यांनुसार प्रौढांत या विकाराचे प्रमाण साधारण अडीच ते तीन टक्के भरते. नोकरदारांपुरता विचार करणारी एक पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या उपक्रमातील दहा देशांत ती झाली होती. तीत सरासरी ३.५ टक्के कामगारांत हा विकार आढळला, आणि अशा कामगाराचे इतरांच्या तुलनेत वर्षाकाठी सुमारे २२ दिवसांचे काम अधिक वाया जाते असे दिसले. त्या दहा देशांत भारत नव्हता, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे येथे लावता येणार नाहीत. परंतु शेकडा तीन हे प्रमाण धरले, तरी हजार कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत तीसजणांचा हा प्रश्न ठरतो. त्यांपैकी किती जणांच्या सेवापुस्तकात वैद्यकीय टिपणाऐवजी ज्ञापनांच्या प्रतीच असतील, याचा विचार प्रत्येक कार्यालयप्रमुखाने करण्यासारखा आहे.

दोन कर्मचारी, एकच तक्रार

निदानाचे तत्त्व स्पष्ट होण्यासाठी दोन काल्पनिक उदाहरणे घ्यावीत. एक कामगार गोठ्यावर आहे. तेथे दिवसातून दोनदा, मध्यरात्रीनंतर आणि दुपारी, म्हशींचे दोहन होते. तो दोन तुकड्यांत मिळून जेमतेम चार तास झोपतो. गेल्या दोन वर्षांपासून त्याच्याकडून नोंदी चुकतात, सांगितलेले ध्यानात राहत नाही, चिडचिड वाढली आहे. दुसरा कर्मचारी एका भांडारात लिपिक आहे. तो रात्री सात तास झोपतो. त्याच्याकडूनही नोंदी चुकतात, जडवस्तू संग्रह नोंदवही तीन महिने मागे आहे, दोनदा कारणे दाखवा नोटीस निघाली आहे.

दोघांविषयी तक्रार एकच आहे. परंतु पहिल्याच्या घरी विचारणा केली असता आई सांगते की मुलगा शाळेत नीटनेटका होता, वह्या पूर्ण असत. त्याचे प्रश्न रात्रपाळीपासून सुरू झाले. दुसऱ्याच्या प्रगतिपुस्तकात तिसरीपासून दहावीपर्यंत निरनिराळ्या शिक्षकांच्या हस्ताक्षरांत जवळजवळ एकच शेरा आढळतो : हुशार आहे, पण लक्ष देत नाही. कॉलेजात त्याचे एक वर्ष वाया गेले, दुचाकीचे दोन अपघात झाले, आधीच्या दोन नोकऱ्या त्याने रागाच्या भरात सोडल्या. पहिल्या कामगारास झोपेची व पाळीच्या फेररचनेची गरज आहे. त्याला अवधानाचे औषध दिल्यास तो अन्याय होईल. दुसऱ्यास मानसरोगतज्ज्ञाकडे पाठविणे अगत्याचे आहे. त्याला केवळ शिस्तीचे बोल ऐकविल्यास तोही अन्यायच.

प्रौढांतील निदानाचे सार यात आले. आजची चूक कितीही मोठी असली, तरी तिच्यावरून निदान होत नाही. बालपणापासून आजपर्यंत अखंड चालत आलेला इतिहास हा निदानाचा खरा आधार होय.

निदान कसे होते

रक्ताच्या तपासणीवरून किंवा मेंदूच्या छायाचित्रावरून या विकाराचे निदान करता येत नाही. ते सविस्तर मुलाखतीवरूनच होते. प्राथमिक चाळणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तयार झालेली, २००५ साली प्रसिद्ध झालेली सहा प्रश्नांची एक प्रश्नावली वापरली जाते. कामाचा अखेरचा भाग पुरा करणे जड जाते काय, कामांची व्यवस्था लावणे कठीण वाटते काय, ठरलेल्या भेटी विसरतात काय, डोके लावावे लागणारे काम पुढे ढकलले जाते काय, बसल्याजागी चुळबूळ होते काय, यंत्राने ढकलल्यासारखे सतत काही करीत राहावे लागते काय, असे तिचे स्वरूप आहे. परंतु चाळणी म्हणजे निदान नव्हे. चाळणीत अडकलेल्यांपैकी पुष्कळांना हा विकार नसतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

यानंतर तज्ज्ञ काही ठरावीक बाबी पाहतात. अनवधानाची नऊ आणि अतिचंचलता-आवेगाची नऊ अशी लक्षणे वर्गीकरणात दिली आहेत. प्रौढ व्यक्तीत त्यांपैकी एका गटातील किमान पाच लक्षणे सहा महिन्यांहून अधिक काळ असावी लागतात. त्यांपैकी काही वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात. ती घर आणि कार्यालय अशा किमान दोन ठिकाणी आढळावी लागतात. एकाच वरिष्ठाच्या हाताखाली असतानाच लक्ष लागत नसेल, तर विकाराऐवजी त्या कार्यालयातील वातावरणाचा विचार करणे इष्ट ठरते. लक्षणांमुळे जीवनात प्रत्यक्ष हानी होत असली पाहिजे. आणि ती लक्षणे दुसऱ्या कोणत्याही कारणाने अधिक चांगली स्पष्ट होत नसली पाहिजेत.

ही अखेरची अट फार महत्त्वाची आहे. अपुरी झोप, घोरण्याबरोबर झोपेत श्वास अडखळण्याचा विकार, कंठस्थ ग्रंथीचे विकार, पंडुरोग, नैराश्य, चिंताविकार, मद्यपान, डोक्यास झालेली जुनी इजा, इतकेच नव्हे तर कर्जाची विवंचनासुद्धा अवधान हिरावून घेते. त्यामुळे शारीरिक तपासणी आणि साध्या रक्तचाचण्या आधी होतात. उलटपक्षी मूळ विकार अवधानाचा असून वर्षानुवर्षांच्या अपयशामुळे नैराश्य किंवा व्यसन त्यावर चढलेले असते, असेही वारंवार घडते. तेव्हा दोन्हींचा उपचार करावा लागतो. दहा मिनिटांच्या भेटीत हे सर्व होत नाही. रुग्णासोबत आई, मोठे भावंड किंवा जोडीदार यांनी जाणे, आणि जुनी प्रगतिपुस्तके जपलेली असल्यास ती बरोबर नेणे, हे निदानास मोठे साहाय्य होय.

उपचार

उपचाराचे दोन हात आहेत, एक औषधाचा आणि दुसरा शिक्षणाचा.

औषधांमध्ये मिथाइलफेनिडेट हे प्रमुख आहे. १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये ते प्रथम तयार करण्यात आले. मेंदूतील डोपामीन व नॉरॲड्रेनॅलीन यांची उपलब्धता वाढवून ते कार्य करते, आणि त्याचा परिणाम त्याच दिवशी जाणवतो. भूक कमी होणे, झोप लांबणे, नाडी व रक्तदाब थोडे वाढणे हे त्याचे संभाव्य दुष्परिणाम होत. म्हणून हृदयविकाराचा इतिहास विचारला जातो, आणि रक्तदाब, नाडी व वजन यांची नोंद ठेवली जाते. दुसरे औषध ॲटोमॉक्सेटीन होय. ते उत्तेजक गटातील नाही. त्याचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात, त्यामुळे आठ दिवसांत गुण नाही म्हणून ते सोडून देणे चुकीचे आहे.

औषधाविषयी भीती आणि मोह हे दोन्ही टाळले पाहिजेत. मिथाइलफेनिडेट १९८५ च्या अंमली पदार्थ अधिनियमाखालील मनःप्रभावी पदार्थांच्या यादीत आणि औषध नियमांच्या अनुसूची ‘एक्स’मध्ये समाविष्ट आहे. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, आणि एक प्रत औषध विक्रेत्यास दोन वर्षे जपून ठेवावी लागते. परीक्षेच्या काळात जागरणासाठी हे औषध मित्राकडून मागून घेणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय धोक्याचेही आहे. परंतु कायद्याचे नियंत्रण आहे म्हणून ते विष आहे, असा निष्कर्ष काढणेही चूक. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, योग्य निदान झालेल्या व्यक्तीस त्याचा मोठा लाभ होतो. स्वीडनमधील नोंदींवर आधारलेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, त्याच त्या पुरुष रुग्णांच्या औषध चालू असलेल्या व बंद असलेल्या काळांची तुलना करण्यात आली. औषध चालू असताना गंभीर वाहन अपघातांचा धोका ५८ टक्क्यांनी कमी आढळला. ज्याची नोकरीच वाहन चालविण्याची आहे, त्याच्या दृष्टीने आणि रस्त्यावरील इतरांच्या दृष्टीने ही बाब उपेक्षणीय नाही.

मात्र गोळी नोंदवही भरीत नाही. ती अवधान उभे करते, ते कोठे लावायचे ही सवय शिकावी लागते. वीस-तीस वर्षे जे शिकता आले नाही, ते औषधाने एका दिवसात येत नाही. यासाठी बोधात्मक-वर्तन उपचार उपयुक्त ठरतात. २०१० साली अमेरिकेत ८६ प्रौढांवर झालेल्या एका चाचणीत, औषध चालू असूनही ज्यांची लक्षणे उरली होती, त्यांना अशा उपचाराची १२ सत्रे देण्यात आली. केवळ शिथिलीकरणाचे शिक्षण मिळालेल्यांपेक्षा त्यांच्यात अधिक सुधारणा दिसून आली. या सत्रांत उपदेश नसतो. एकच वही वापरणे, मोठ्या कामाचे पंधरा-वीस मिनिटांचे तुकडे पाडणे, प्रत्येक वस्तूला एकच जागा ठरविणे, घड्याळाचा गजर लावणे, कामाच्या मध्येच सुचलेला विचार कागदावर टिपून पुन्हा मूळ कामाकडे वळणे, असे हस्तव्यवसायासारखे शिक्षण त्यात असते. पुरेशी झोप व नियमित व्यायाम यांचा आधार दोन्ही उपचारांना लागतो.

कार्यालयप्रमुखांचे कर्तव्य

अधिकाऱ्याने स्वतः निदान करू नये. ‘तुला एडीएचडी आहे’ असे चारचौघांत म्हणणे हा उपकार नसून अपमान आहे. मात्र चुकांचा आकृतिबंध पाहणे त्याच्या हाती आहे. वर्षानुवर्षे एकाच प्रकारच्या चुका, मधूनच उत्तम कामगिरी, आणि नोटिशीनंतर चार दिवसांचीच सुधारणा, असे दिसल्यास तिसरे ज्ञापन काढण्यापूर्वी त्या कर्मचाऱ्याशी एकांतात बोलावे आणि वैद्यकीय सल्ला घेण्याचे सुचवावे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने उपचारविषयक माहितीच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे. ही माहिती गोपनीय अहवालात शेरा मारण्यासाठी वापरली जाऊ नये.

कामाच्या मांडणीत लहान बदल पुष्कळ साधतात, आणि त्यांना खर्च जवळजवळ येत नाही. तोंडी आदेशाबरोबर दोन ओळींची लेखी चिठ्ठी द्यावी. महिन्याच्या अखेरीची एक मुदत ठेवण्याऐवजी दर आठवड्याची छोटी मुदत ठेवावी. वर्दळीच्या दारापासून दूर जागा द्यावी. आळीपाळीने फिरतीचे व बैठे काम द्यावे. वर सांगितलेल्या भांडार लिपिकास दर शनिवारी तीन महिन्यांचा हिशेब मागण्याऐवजी रोज दुपारी चार वाजता त्या दिवसाच्या दहा नोंदी दाखविण्यास सांगितले, तर नोंदवही मागे पडण्याचे कारण उरणार नाही.

याचा अर्थ शिस्त सैल करावी असा नाही. निदान झाले म्हणून उत्तरदायित्व संपत नाही. शासकीय रकमेचा हिशेब प्रत्येकास द्यावाच लागतो. निदानामुळे कर्मचाऱ्यास आपली चूक का होते हे कळते, आणि ती टाळण्याचे साधन मिळते. त्या साधनाचा उपयोग करणे हे त्याचे कर्तव्यच राहते.

शिक्षक आणि पंचायत सदस्य

महाराष्ट्राने १९९६ साली अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास प्रारंभ केला, आणि या बाबतीत देशात पुढाकार घेतला. अशा मुलांपैकी अनेकांत अवधानाचा विकारही आढळतो. त्या काळी शाळेत असलेली पिढी आज नोकरीत आहे. त्याआधीची पिढी तर ‘उनाड’ आणि ‘ढ’ या दोनच शब्दांवर मोठी झाली. आजच्या वर्गातील मुलांवर ती पाळी येऊ नये, हे शिक्षकांच्या हाती आहे. शेरा लिहिताना ‘लक्ष देत नाही’ एवढेच न लिहिता, काय दिसले ते लिहावे. ‘गणित अर्धे सोडवून उठतो, तोंडी उत्तरे अचूक देतो, दप्तर वर्गात विसरतो’ हे वाक्य वीस वर्षांनी एखाद्या डॉक्टरच्या मेजावर मोलाचा पुरावा ठरू शकते.

पंचायत सदस्यांपुढे हा प्रश्न दुसऱ्या रूपात येतो. वारंवार अपघात करणारा तरुण, विचार न करता कर्ज काढणारा, दर हंगामाला नवा धंदा सुरू करून सोडणारा, व्यसनात गुरफटलेला अशा माणसाला गाव नावे ठेवते. अशा प्रत्येकाला हा विकार असतो असे मुळीच नाही. परंतु ज्याच्या लहानपणापासूनच्या गोष्टी सारे गाव सांगते, त्याला एकदा जिल्हा रुग्णालयात पाठविण्यात काही गमवावे लागत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्यासाठीच आहे. सल्ल्यासाठी १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली असून ती रात्रंदिवस उपलब्ध असते. मुंबईत कूपर, केईएम, नायर व शीव येथील लोकमान्य टिळक या महानगरपालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. त्यांपैकी आरे परिसराला जवळचे कूपर होय.

उशीर झालेला नाही

चाळिशीत निदान होऊन उपयोग काय, असा प्रश्न विचारला जातो. मल्याळम चित्रपटांतील ख्यातनाम अभिनेते फहाद फासिल यांनी मे २०२४ मध्ये केरळमधील एका कार्यक्रमात, या विकाराचे निदान आपल्याला वयाच्या ४१व्या वर्षी झाल्याचे जाहीरपणे सांगितले. तोवर त्यांची कारकीर्द घडलेली होती. पण प्रत्येकाच्या वाट्यास दिग्दर्शकाने आखून दिलेले काम येत नाही. कार्यालयातील, गोठ्यातील किंवा शाळेतील माणसाला आपला दिवस स्वतःच आखावा लागतो, आणि त्याचीच पंचाईत असते. त्याला अजून वीस वर्षे नोकरी करावयाची असते, मुले वाढवावयाची असतात. आपण आळशी आहोत, आपल्यात निश्चयाचा अभाव आहे, ही लहानपणापासून मनावर कोरलेली खूणगाठ सुटणे हाच अनेकांच्या बाबतीत उपचाराचा प्रारंभ ठरतो.

आरे वसाहत उभारताना जनावरांना दाटीतून मोकळ्या जागेत आणले गेले, कारण दुधाचा दर्जा गोठ्याच्या व्यवस्थेवर अवलंबून असतो हे त्या काळच्या नियोजकांनी ओळखले होते. माणसाच्या कामाचा दर्जाही व्यवस्थेवर अवलंबून असतो. झोप कोणाची अपुरी आहे, मन कोणाचे उदास आहे आणि अवधानाचा विकार कोणास आहे, हे पारखून ज्याला जे हवे ते देणारी व्यवस्था प्रत्येक कार्यालयात, शाळेत व गावात असावी. तिचा आरंभ करण्यास नव्या शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. पुढील ज्ञापनावर स्वाक्षरी करण्यापूर्वी अधिकाऱ्याने समोरच्या माणसाला ‘हे लहानपणापासून असेच आहे का?’ एवढे विचारले, तरी तो आरंभ होईल.